विद्यार्थ्यांचा फुकट कायदा सल्ला
कायद्याचे विद्यार्थी लोकांना फुकट सल्ला देतात, पण ते अजून वकील नाहीत, चुकीचा सल्ला देतील अशी भीती काहींना वाटते. ही भीती रास्त आहे, म्हणूनच सीनियर वकिलाने बघितल्याशिवाय लेखी काहीच बाहेर जाता कामा नये. पण खरी गरज बऱ्याचदा सल्ल्याच्या आधीच असते हो. माणूस पिशवीभर कागद घेऊन येतो, नोटीस घाबरून उघडलेलीच नसते, आणि उत्तर द्यायची मुदत मात्र चालू झालेली असते! अशा वेळी शेजारी बसून नोटीस साध्या भाषेत वाचून दाखवणं, कागद तारखेप्रमाणे लावणं, शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहून देणं हे विद्यार्थी नक्की करू शकतात आणि मन लावून करतात, कारण बिझी वकिलाकडे नसतो तो तासभर वेळ त्यांच्याकडे असतो. फक्त ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवा.