मदत हवी आहे: चालू मोहीम डी अँड डीच्या २०२४ च्या नियमांवर न्यावी का? (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

आमचा बेळगावातला गट 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फाशांवर आणि कल्पनेवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो. डीएम (गोष्ट सांगणारा, खेळ चालवणारा) मी. टिळकवाडी, शहापूर, अनगोळची पोरं आणि सुट्टीला खानापूरहून येणारे दोघे. मोहीम आमची आम्हीच रचली आहे: भीमगडचं जंगल, बारापेडेच्या गुहा, कणकुंबीला मलप्रभेचा उगम. टेबलावर बोलणं मराठीत, भांडण रंगलं की कन्नडमध्ये, नियम इंग्रजीत. पात्रं पाचव्या लेव्हलला पोचली आहेत आणि निम्मा गट म्हणतोय की आता २०२४ च्या पुस्तकांवर जाऊया. माझं अजून ठरत नाही, म्हणून हा धागा.

नव्या आवृत्तीकडून माझी सगळ्यात मोठी अपेक्षा एकच होती: जंगल जंगलासारखं वागावं. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे गेलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, पायवाटेचा ओढा होतो, जळवा वेगळ्याच. हे सगळं खेळात आणायचा मी जीव तोडून प्रयत्न करतो. पण २०१४ च्या रेंजरने (रानाचा जाणकार लढवय्या) 'नॅचरल एक्सप्लोरर' या त्याच्या खास गुणात जंगल निवडलं की आख्खी टोळी वाट चुकत नाही (जादूने चुकवली तरच), अवघड जमिनीवर प्रवासाचा वेग घटत नाही, अन्न शोधलं तर दुप्पट मिळतं. रेंजर आला की जंगलच संपतं! २०२४ मध्ये हे काढून टाकलं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या जागी सगळा भर 'हंटर्स मार्क' (खूण केलेल्या शत्रूला जादा नुकसान करणारा मंत्र) यावर दिलाय. तेराव्या लेव्हलला मार खाऊनही त्याचं कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवून धरणारी एकाग्रता) तुटत नाही, विसाव्याला जादा नुकसानीसाठी सहाच्या फाशाऐवजी दहाचा फासा. पण कॉन्सन्ट्रेशन लागतंच, म्हणजे तेवढा वेळ कॉन्सन्ट्रेशनचा दुसरा मंत्र धरता येत नाही. आमचा रेंजर खानापूरकडचा, त्याला रानातल्या खुणा वाचणारा माणूस खेळायचा आहे. त्याला हे पटत नाही.

'वेपन मास्टरी' (प्रत्येक हत्याराची खास करामत) मात्र फार आवडली. साधी काठी घेतलेला फायटरसुद्धा आता नुसतं नुकसान मोजत बसत नाही, शत्रूला आडवा पाडू शकतो. विळ्याला 'निक' आहे, म्हणजे दुसऱ्या हातातल्या हत्याराचा जादा वार त्याच अ‍ॅक्शनमध्ये बसतो आणि बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) मोकळी राहते. भीती एवढीच की लढाई लांबेल. आमच्या फायटरला दोन वार मिळतात, प्रत्येक लागलेल्या वाराला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे पडू नये म्हणून काटकपणावर टाकायचा फासा (त्याचा डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ येतो). आधीच एक लढाई चहा-पोह्यांपासून जेवणापर्यंत चालते.

आता जे सगळ्यात खटकलं ते. गटात एक नवीन मुलगी येतेय. तिला भातशेतीच्या घरातली विझार्ड (जादूगार) करायची आहे. २०२४ मध्ये क्षमतांची वाढ बॅकग्राउंडवरून (पात्राच्या पूर्वायुष्यावरून) ठरते, आणि 'फार्मर' घेतलं तर वाढ स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन किंवा विज्डमला. विझार्डची जादू ज्यावर चालते ते इंटेलिजन्स नाहीच! आमच्याकडे व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे हो, शिवारातून थेट इंजिनिअरिंगला गेलेली पोरं घरोघरी आहेत. शेतकऱ्याच्या लेकीला विझार्ड होताना पहिल्याच पानावर मागे का राहावं लागावं?

तर मंडळी, मोहीम मध्येच नव्या नियमांवर न्यावी की संपवून? काठीच्या सेव्हने वेळ किती जातो? आणि या मुलीचं काय करू? शिवाय नव्या नियमांचा मोफत भाग, एसआरडी ५.२, एप्रिल २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आलाय, श्रेय देऊन भाषांतर करता येतं. शाळेतल्या मुलांसाठी त्यातून दोन-चार पानांचं मराठी टिपण करायचं मनात आहे. कुणी सुरू केलं असेल तर सांगा, हातभार लावतो.

प्रतिसाद १ (कोल्हापूर)

दादा, मुलीचा प्रश्न पुस्तकातच सुटलाय. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये जुन्या पुस्तकांतली बॅकग्राउंड कशी वापरायची याची चौकट आहे. तिला २०१४ चं 'फोक हिरो' (साध्या माणसांतून पुढे आलेला नायक) द्या. जुन्या बॅकग्राउंडला क्षमतांची वाढ नसते, म्हणून एकीला २ आणि दुसरीला १ अशी कुठेही घालता येते, वर एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारं खास कौशल्य). शेतकरी घर, इंटेलिजन्सला २, विषय मिटला.

मध्येच बदलण्याबद्दल: गुहेत असताना अजिबात बदलू नका. टोळी गावात परतली की सगळ्यांनी एकाच दिवशी पात्रं नव्याने लिहा. अर्धे जुन्यावर, अर्धे नव्यावर असं ठेवलं तर प्रत्येक मंत्राला वाद होतो. 'क्युअर वून्ड्स' या जखमा भरणाऱ्या मंत्राचंच बघा, जुन्यात आठचा एक फासा, नव्यात दोन.

प्रतिसाद २ (निपाणी)

काठीचं सांगतो. पाडायचा प्रयत्न करणं ऐच्छिक आहे, प्रत्येक वाराला करायलाच पाहिजे असं नाही. आमच्याकडे फायटर वाराचा फासा टाकतो तेव्हाच डीएम पडद्यामागे सेव्हचा टाकतो. वार लागला नाही तर सेव्ह सोडून द्यायचा. वेळ फारसा जात नाही.

त्यापेक्षा लढाया आखताना सांभाळा. २०१४ मध्ये तीन ते सहा शत्रू असले की अवघडपणा मोजताना त्यांचे एक्सपी (अनुभव-गुण) दुप्पट धरायचो. डीएमच्या नव्या पुस्तकात तो गुणाकारच नाही. हिशोब सोपा झाला, पण झुंडीने येणारे बारके शत्रू कागदावर दिसतात त्यापेक्षा जड जातात. कोल्ह्या-लांडग्यांचा कळप सोडायच्या आधी दोन कमी करा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. 'फोक हिरो'चं आजच तिला कळवतो. टोळी सध्या बारापेडेत आहे, ती बाहेर पडून कणकुंबीला पोचली की बदलायचं ठरवतोय. सेव्हचा फासा आधीच टाकायची युक्ती या रविवारी करून बघतो.

रेंजरचं मात्र राहिलंच. 'हंटर्स मार्क'चं कॉन्सन्ट्रेशन पाचव्या लेव्हलपासूनच काढून टाकलं तर रेंजर डोईजड होतो का? कुणी टेबलावर खेळून पाहिलं असेल तर कृपया लिहा, बदल करण्याआधी मला ते कळायला हवं आहे.