बालसाहित्यिकाने मंचावर गोष्टी सांगाव्यात का? माझं मत: मंच लेखणीला खातो

अनुस्वार (धागाकर्ता)

मुलांसाठी लिहिणाऱ्यांना हल्ली एकच वाट दाखवली जाते: पुस्तक काढा आणि लागलीच कथाकथनाचे कार्यक्रम सुरू करा. प्रकाशक हस्तलिखित चाळता चाळता विचारतो, "गोष्ट सांगता येते ना?" ज्याला मनापासून लिहायचं आहे त्याने मंचापासून लांब राहावं, असं मला ठामपणे वाटतं.

मंचावर दाद जागेवर मिळते आणि तिची चटक लागते. आवाज बदलून केलेल्या माकडाला हशा मिळतो. रुसून खिडकीत बसलेल्या मुलीच्या परिच्छेदाला काहीच मिळत नाही. हे चार ठिकाणी झालं की पुढच्या पुस्तकात माकडं वाढतात आणि खिडकी जाते. मग पानोपानी 'धडाम' आणि 'फुस्स' येतात, कारण लेखकाला ते म्हणून दाखवायचे असतात. घरी एकटं वाचणाऱ्या मुलाने तो आवाज कुठून आणायचा?

चार्ल्स डिकन्स 1858 पासून स्वतःच्या लेखनाची पैसे घेऊन जाहीर वाचनं करू लागला. 1865 नंतर त्याच्या हातून एकही कादंबरी पुरी झाली नाही. 1869 मध्ये प्रकृतीमुळे दौरा मध्येच थांबवावा लागला, 1870 मध्ये तो गेला आणि शेवटची कादंबरी अर्धीच राहिली. एवढ्या ताकदीच्या माणसाची ही गत झाली!

कानगोष्ट

तारखा तुम्हीच दिल्यात, पण मधली वर्षं गाळलीत. 1858 ते 1865 या काळात, वाचनं जोरात चालू असताना, डिकन्सने तीन कादंबऱ्या लिहून पुऱ्या केल्या. शिवाय तो मुख्यतः मोठ्यांचा लेखक. त्याच्याकडून घ्यायचंच असेल तर हे घ्या: वाचनासाठी तो वेगळ्या प्रती तयार करायचा. मजकूर निर्दयपणे छाटायचा, शब्दांखाली रेघा मारायचा, समासात हावभावांच्या खुणा लिहायचा. छापायचा मजकूर वेगळा आणि सांगायचा वेगळा, हे त्याला पक्कं कळलं होतं. ज्याला हे कळत नाही त्याचं लेखन मंचावर न जाताही बिघडेल.

मी लिहिते आणि सांगतेही. माझ्या एका गोष्टीत वाक्य होतं: "जंगलापलीकडच्या, कोणीही कधी न गेलेल्या डोंगरावर राहणारा म्हातारा एके दिवशी खाली उतरला." लिहिताना झकास वाटलेलं. सांगताना 'न गेलेल्या'पाशी दम संपला आणि पुढच्या रांगेतली मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. तिथल्या तिथे तोडलं: "जंगलापलीकडे डोंगर होता. तिथे कोणी जात नसे. पण एक म्हातारा मात्र तिथेच राहायचा." पुस्तकात हेच गेलं. नुकतं वाचायला लागलेलं मूलही श्वासाश्वासानेच वाचतं, त्यामुळे ही दुरुस्ती एकट्या वाचकाच्याच कामाची होती.

दुसरी गोष्ट थांबण्याची. "तिनं दार ढकललं..." म्हणून मी थांबते, तेव्हा सगळे डोळे माझ्यावर असतात. चित्रपुस्तकात हा थांबा पान उलटण्यात असतो. दार डाव्या पानावर आणि दारामागचं उजव्या पानावर छापलं की मजाच गेली. मुलांसमोर उभं राहिल्याशिवाय मला हे उमगलं नसतं.

शाईचा डाग

कानगोष्टताईंना अनुमोदन. हान्स अँडरसनच्या परीकथा 1835 मध्ये यायला लागल्या तेव्हा त्या बोलल्यासारख्या लिहिल्यात म्हणून समीक्षकांनी नाकं मुरडली होती. आज आपल्याला तीच त्याची ताकद वाटते. तो गोष्ट सांगता सांगता कात्रीने कागदाच्या आकृत्याही कापायचा. किपलिंगच्या 1902 च्या प्राणिकथांचं मूळही लेकीला झोपवताना सांगितलेल्या गोष्टींत आहे. एक शब्द बदललेला तिला खपायचा नाही! ऐकणाऱ्या मुलानेच मजकूर पक्का करून घेतला.

अनुस्वार

लेकीच्या उशाशी सांगणं म्हणजे मंच नव्हे. ऐकणारं मूल एकच, तेही ओळखीचं, आणि तिथे टाळ्याही नाहीत. त्याला माझा विरोध कधीच नव्हता. दोनशे मुलं, माइक आणि पुढचा कार्यक्रम गाठायची घाई, यातून भाषा घासूनपुसून एकसारखी होते, हे माझं म्हणणं. कानगोष्टताईंनी वाक्य तोडलं ते पटलं. पण लांब वाक्याची गोडी मुलांना लावायची कोणी? ती फक्त पुस्तकच लावू शकतं.

मधली सुट्टी

मी शाळेत ग्रंथालय सांभाळते. निष्कर्ष अनुस्वार यांचा बरोबर, कारण मात्र मला वेगळं दिसतं. सांगणं हा स्वतंत्र पेशा आहे. मेरी शेडलॉक या गोष्टी सांगण्यासाठीच नावाजल्या गेल्या. त्यांचं 1915 चं पुस्तक सांगण्याच्या कलेवर आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी कोणत्या वयाला कोणती गोष्ट, याचा शास्त्रासारखा विचार केला. एवढी साधना लागणारं काम 'लेखक आहात, तर थोडं सांगाही' म्हणून गळ्यात मारणं हा दोन्ही कामांचा अपमान आहे. बुजऱ्या स्वभावाची, अडखळत बोलणारी माणसं मुलांसाठी फार सुंदर लिहितात. मंच ही अट झाली तर त्यांची पुस्तकं निघायचीच नाहीत.

कानगोष्ट

मंच ही अट नसावी, हे शंभर टक्के मान्य. पण "लांब राहा" हीसुद्धा अटच झाली. माडगूळकर, मिरासदार आणि शंकर पाटील गावोगाव एकत्र कथाकथन करत. मोठ्यांसाठी का असेना, त्यांच्या लेखणीला मंचाने खाल्लं असं कोण म्हणेल?

आणि लांब राहून खायचं काय, तेही सांगा. पुस्तकाचं मानधन एकदा, तेही उशिरा, आणि चित्रपुस्तक असेल तर त्यात चित्रकाराचाही वाटा. कार्यक्रमाचे पैसे मिळाले तर पुढचे काही महिने लिहायला मोकळे मिळतात. तेवढ्यात बोलावणारे म्हणतात, "पुस्तकं विकायला ठेवा की, मानधन कशाला?" माझा राग यावर आहे. मुलं किती, वयोगट कोणता, वेळ किती आणि मानधन किती, हे आधी लेखी घ्या. एका वेळी एकाच वयोगटाची मुलं मागा. दोनशे मुलांपुढे माकडं नाचवावी लागतात, कारण समोर दोनशे मुलं बसवलेली असतात. तीस मुलं द्या, खिडकीतली मुलगीही ऐकतात. मी सांगितली आहे.