भाचीच्या लग्नात भटजी नाहीत, सेलिब्रंट आहे. तुमचं मत?

पेडण्याची मावशी
भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा पर्वरीचा. दोघांनी सांगून टाकलंय, होम नाही, कन्यादान नाही. समारंभ चालवायला एक सेलिब्रंट ठरवली आहे. ती दोघांशी आधी सविस्तर बोलते, कसे भेटले, घरात कोण कोण, कशावरून वाजतं ते सगळं विचारून घेते. त्यावरून पाऊण तासाचा कार्यक्रम लिहिते आणि त्या दिवशी स्वतः उभी राहून चालवते. वचनं मात्र दोघांनी आपापली लिहायची. बहीण रडतेय, भावोजी गप्प. मला कल्पना आवडली. मुलगी दान देणं मला माझ्या लग्नातही पटलं नव्हतं. तुम्ही काय म्हणता?

माशेलचा
मी असतो तर मीही गप्पच बसलो असतो. ताई, विधीची एक सोय कुणी लक्षात घेत नाही. तिथे कुणाला बोलता यावं लागत नाही. माझ्या बाबांना चार माणसांत दोन वाक्यं जुळवता येत नव्हती. बहिणीच्या लग्नात भटजींनी सांगितलं तिथे पाणी सोडलं आणि त्यांचे डोळे भरले. जे सांगायचं ते झालं. तुमची सेलिब्रंट अशा माणसाच्या हातात माइक देणार आणि मनोगत मागणार. बोलक्या माणसांची लग्नं आहेत ही.

अंत्रुजकर
आधी कायद्याचं बघा. आपल्याकडे गोव्यात हिंदूंच्या लग्नात भटजी आणि सेलिब्रंट दोघांचं वजन सारखंच, म्हणजे शून्य. १९१० च्या पोर्तुगीज कायद्यापासून लग्न लागतं ते रजिस्ट्रारकडे. पहिली सही, मग नोटीस, मग दुसरी सही. कॅथलिकांना रजिस्ट्रारचा दाखला घेऊन चर्चमध्ये लग्न लावता येतं आणि ते नोंदीत धरलं जातं; भटजींना ती सोय नाही. महाराष्ट्रात १९५५ चा हिंदू विवाह कायदा विधी मागतो, तो इथे लागू नाही. त्यामुळे भाचीने मांडवात काहीही केलं तरी बिघडत नाही. फक्त पहिल्या सहीला लग्न समजू नका, गोव्यात कितीतरी बायका तिथेच फसल्यात.

माशेलचा
कायदा कळला. पण दुसरी सही झाली म्हणून त्याच संध्याकाळी मुलीला सासरी पाठवणारा एक बाप दाखवा. आम्ही लग्न मांडवातलंच धरतो.

साखळीची सून
मग मांडवात नवं काही करायचंच नाही? मंगलाष्टकं दर लग्नाला नवी लिहिली जातातच की. आमच्याकडे आत्तेसासूबाई लिहितात. वधूवरांची आणि आजोळची नावं गुंफतात, वृत्त मोडलं तर मोडलं. सत्यशोधक समाजाने तर १८७३ पासून भटजींशिवाय लग्नं लावली, नवरानवरीने एकमेकांना वचनं देऊन. हे काही हॉटेलवाल्यांनी समुद्रावर आणलेलं खूळ नाही.

पंचा-उपरणं
मी पौरोहित्य करतो. सत्यशोधकांचं उदाहरण इथे बसत नाही, वहिनी. त्यांनी दक्षिणा घेणारा मधला माणूस काढला. तुम्ही एक काढून दुसरा बसवताय, आणि तिचं मानधन ऐकाल तर माझी दक्षिणा स्वस्त वाटेल! कन्यादान नको म्हणणारी घरं आता मलाही भेटतात. वगळतो. अर्थ मराठीत सांगा म्हणतात, सांगतो. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पुरोहित बायका हे किती वर्षं करतायत. पण अंतरपाट खाली गेल्यावर ‘काका, ड्रोन वर नव्हता, परत धरा’ म्हणतात तेव्हा मात्र मी ऐकत नाही.

साखळीची सून
काका, तुम्ही वगळता. सगळे नाही वगळत. शिवाय मुलगा-मुलगी तुम्हाला पहिल्यांदा भेटतात ती मांडवात. सेलिब्रंट आधी भेटते, पैसे त्याचे आहेत.

पंचा-उपरणं
हे खरं. मला घरच्यांनी बोलावल्याशिवाय मी कसा भेटणार?

पेडण्याची मावशी
माशेलच्या भावांचा मुद्दा मी सेलिब्रंटला फोनवर विचारला. ती म्हणाली, न बोलणाऱ्याला हाताने करायचं काम द्यायचं. भावोजींना विचारलं. म्हणाले, अंतरपाट असेल तर एक टोक मी धरतो, माइक धरणार नाही.

माशेलचा
अंतरपाट आला म्हणजे मंगलाष्टकं आली. मग भटजींनी काय घोडं मारलंय?

अंत्रुजकर
ते वाद चालू द्या. मावशी, वचनं लिहितायत तर एक विषय राहू नये. गोव्यात लग्नाआधी मालमत्तेचा वेगळा करार नोंदवला नाही, तर दोघांची आधीची मालमत्तासुद्धा निम्मी-निम्मी होते. नंतर तो करार करता येत नाही.

पेडण्याची मावशी
अरे देवा. पर्वरीचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. आजच विचारते दोघांना.