‘ॲट’ने लावलेली घंटा वेळेआधीच वाजते

घंटावाला:
आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत वेळ सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय. भाषणाला पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा. लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार). स्पर्धकाने ‘अध्यक्ष महोदय’ म्हटलं की मी ‘ॲट’ला (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) ‘नाऊ + ४ मिनिट्स’ सांगून घंटेचा आवाज लावून ठेवतो. काल तालमीत एका मुलीने १०:०५:४८ ला सुरुवात केली आणि इशारा वाजला बरोबर १०:०९:०० ला. म्हणजे तिला ३ मिनिटं १२ सेकंदच! तिच्या आधीचा मुलगा मिनिटाच्या तोंडालाच उभा राहिला, त्याला जवळजवळ पूर्ण चार. लॅपटॉपचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळलेलं आहे, तपासलं. आमच्याकडे अर्ध्या गुणावरून भांडणं होतात, पालकांचं तर विचारूच नका. हा बग आहे का?

टर्मिनल_तात्या:
अरे, चार मिनिटांसाठी ‘ॲट’ कशाला? ‘स्लीप २४०’ (म्हणजे २४० सेकंद थांब), पुढे घंटेची कमांड, सगळं बॅकग्राउंडला. विषय संपला.

स्पूल_वाचक:
तात्या, त्यांनी कारण विचारलंय. ‘ॲट’ प्रत्येक जॉबची एक फाइल करतं आणि वेळ त्या फाइलच्या नावातच असते: रांगेचं अक्षर, जॉबचा नंबर, मग १ जानेवारी १९७० पासूनची मिनिटं, हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत). सेकंदांना नावात जागाच नाही, ते गळतात. गंमत म्हणजे नेमकी वेळ द्यायच्या ‘-टी’ पर्यायात सेकंद लिहू देतात! बाकी रचना जुनी म्हणून सोडून देईन, पण ह्याला मी बगच म्हणेन. पाळायचे नाहीत तर घेता कशाला?

घंटावाला:
कारण कळलं, आभार. तात्या, स्लीपने घंटा वेळेवर वाजली. पण एक पोरगा भाषण विसरून दोन मिनिटांत खाली बसला आणि त्याची घंटा पुढच्या मुलीच्या भाषणात! ‘ॲटआरएम’ने जॉब काढता यायचा, ती सोय गेली. सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) टायमर चालेल?

रात्रपाळी:
चालेल, पण तिथेही एक खड्डा आहे. ‘ॲक्युरसीसेक’, म्हणजे टायमरला किती उशीर चालेल ती मर्यादा, काही न सांगता १ मिनिट असतं. वीज वाचावी म्हणून जवळजवळचे टायमर एकत्र उठवतात, त्यामुळे घंटा मिनिटभर उशिरा वाजू शकते. टायमर लावायच्या ‘सिस्टमडी-रन’ कमांडला ‘युजर’ पर्याय द्या, ‘ऑन-ॲक्टिव्ह’ २४० (सेकंद) ठेवा आणि टायमर-प्रॉपर्टीत ॲक्युरसीसेक १०० मिलिसेकंद करा. युनिटला (लावलेल्या कामाला) स्वतः नाव द्या, म्हणजे कुणी लवकर बसलं की ‘सिस्टमसीटीएल’ कमांडला पुन्हा ‘युजर’ लावून त्या नावाचा टायमर स्टॉप करता येईल. पाचव्या मिनिटाच्या घंटेला वेगळं नाव, आणि थांबवताना दोन्ही थांबवा.