पीएफ, ईएसआयची माहिती जोडून अभ्यासकांना द्यावी का?

आकडेमोड:
पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि एनपीएस (पेन्शन योजना) यांमध्ये किती जण नव्याने आले, हे २०१८ पासून दर महिन्याला जाहीर होतं. पण तिन्हींची बेरीज करू नका, असं सांख्यिकी मंत्रालयच बजावतं, कारण एकच माणूस दोन ठिकाणी मोजला जातो.

माझी बहीण चाकणला कंत्राटी कामगार. कंत्राटदार बदलला, नव्या कंत्राटदाराने नावाचं स्पेलिंग चुकवून दुसरा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढला. मशीन तेच, पाळी तीच, डब्याची पिशवी अडकवायचा खिळाही तोच. हिशेबात मात्र एक नोकरी गेली, एक नवी आली! या नोंदी एकमेकींशी जोडा, नावं काढा आणि अभ्यासकांना द्या.

बांधावरून:
साफ विरोध. नाव काढल्याने ओळख पुसत नाही. आमच्या तालुक्यात एकच सूतगिरणी आहे. रिंग खात्यातला (सूत कातायच्या विभागातला) जॉबर म्हणजे मुकादम, वय चोपन्न, दोन महिने आजारपणाचा भत्ता घेतलेला, एवढं वाचलं की शेंबडं पोरही नाव सांगेल. उद्या हेच कंत्राटदाराच्या हाती लागलं तर त्याला कामावर कोण ठेवणार?

शाईपेन:
बंद ठेवल्याचेही तोटे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये आयआयएम बंगळूरचे पुलक घोष आणि स्टेट बँकेचे सौम्यकांती घोष यांनी पीएफच्या आतल्या माहितीवरून वर्षाला सत्तर लाख नोकऱ्यांचा अंदाज मांडला. ती माहिती इतर अभ्यासकांना मिळत नव्हती, मग पडताळायचं कशावरून? डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाला व्यक्तिक्रमांक आहे. तिथे अभ्यासक सांख्यिकी कार्यालयाच्या सर्व्हरवरच काम करतो. कच्ची नोंद घरी नेता येत नाही, बाहेर येतात ते फक्त एकत्रित तक्ते.

बांधावरून:
तिथलं तिथे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीला सूट आहे. एका विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायला ती माहिती वापरायची नाही, ही त्यातली अट. अट मोडली तर त्या जॉबरला कळणार कसं? त्याला विचारलंय कुणी? द्यायचीच असेल तर तालुक्याची नोंद देऊ नका, जिल्ह्यात मिसळा. आणि आजारपणाचा रकाना त्यात नकोच.

आकडेमोड:
जिल्हा मान्य. आजारपणाचा रकाना वगळणंही मान्य, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण जोडणी सोडणार नाही. बहिणीचे दोन यूएएन अजून वेगळेच आहेत आणि जुन्या खात्यातले तीन वर्षांचे पैसे तिला काढता येत नाहीत.