गोळीबार झाला की 'मनोरुग्ण होता' म्हणून मोकळं व्हायचं?

ताकभात (मेन, अमेरिका)

लुइस्टन आमच्या घरापासून पाऊण तासावर. 25 ऑक्टोबर 2023 च्या संध्याकाळी तिथे आधी बोलिंग अ‍ॅलीत आणि मग एका बारमध्ये मिळून 18 माणसं मारली गेली, 13 जखमी झाली. बारमध्ये कर्णबधिर मंडळींचा कॉर्नहोलचा (भोक असलेल्या फळीवर पिशव्या फेकायचा) खेळ रंगला होता, त्यांच्यातले चौघे गेले. मारेकऱ्याचा मृतदेह दोन दिवसांनी सापडला. तोवर सगळा परिसर दारं लावून बसला होता.

त्यानंतर जे नेहमी होतं तेच झालं. 'बंदुकीचा काय दोष, हा तर मानसिक आरोग्याचा प्रश्न' असं एका बाजूने सुरू झालं आणि आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांनीही ते उचललं. म्हणून मुद्दाम माझ्या बाजूला सगळ्यात अवघड जाणारं उदाहरण घेतोय. हा माणूस खरोखरच आजारी होता. सैन्याच्या राखीव दलात हातबॉम्ब फेकायचं प्रशिक्षण द्यायचा. लोक आपल्याबद्दल घाणेरडं बोलतात असे आवाज त्याला ऐकू यायचे. मे महिन्यात घरच्यांनी शेरीफच्या (तिथल्या जिल्हा पोलीसप्रमुखाच्या) कचेरीला सांगितलं. जुलैत तो न्यू यॉर्क राज्यातल्या मानसोपचार रुग्णालयात दोन आठवडे होता. ऑगस्टमध्ये बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर घ्यायला दुकानात गेला, मनोरुग्णालयात दाखल होतात का या फॉर्मवरच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं आणि दुकानदाराने परत पाठवलं. सप्टेंबरात दलातल्या सहकाऱ्याने वरिष्ठाला मेसेज केला की याचा तोल सुटेल आणि हा गोळीबार करेल. पोलीस दारात गेले, त्याने दार उघडलं नाही, पोलीस परतले. घरातल्या बंदुका घरातच राहिल्या.

आता सांगा, निदान कुठे कमी पडलं? आजार घरच्यांना, सैन्याला, डॉक्टरांना, पोलिसांना, दुकानदारालासुद्धा माहीत होता. मेनमध्ये तेव्हा धोकादायक माणसाची बंदूक काढून घ्यायचा 'यलो फ्लॅग' कायदा होता: आधी पोलिसांनी माणूस ताब्यात घ्यायचा, मग वैद्यकीय तपासणी, मग न्यायाधीश. चौकशी आयोगाने नंतर स्पष्ट म्हटलं की ताब्यात घेण्याइतकं कारण पोलिसांकडे होतं. पण पहिलीच पायरी चढली गेली नाही.

माझं म्हणणं एवढंच. निदान काय आहे ते डॉक्टरला विचारा, पण बंदूक काढून घ्यायची की नाही ते वागण्यावरून ठरवा. धमकी, मारहाण, आत्महत्येची भाषा, हातात बंदूक घेऊन बरळणं, यातलं काही दिसलं तर ठरावीक मुदतीसाठी बंदूक काढा, मग तो आजारी असो की ठणठणीत. घरच्यांना थेट कोर्टात जाता येईल असा 'रेड फ्लॅग' कायदा मेनच्या मतदारांनी नोव्हेंबर 2025 मध्ये मंजूर केला. लुइस्टननंतर दोन वर्षांनी.

खडूस_काका

उदाहरण तुम्ही स्वतःच माझ्या बाजूचं दिलंत, आभार. वेड लागलेला माणूस दोन आठवड्यांत घरी सोडला, हा रोग आहे. 1955 च्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर खाटा होत्या. केनेडींनी 1963 मध्ये कायदा केला की मोठी इस्पितळं हळूहळू रिकामी करू आणि गावोगावी उपचार केंद्रं काढू. इस्पितळं रिकामी झाली, केंद्रं निम्मीसुद्धा निघाली नाहीत. आज शिकागो आणि लॉस एंजेलिसचे तुरुंगच देशातली सगळ्यात मोठी मनोरुग्णालयं झालेत. आधी ते निस्तरा, मग माझ्या शेजाऱ्याच्या बंदुकीकडे वळा.

गवतीचहा (मानसोपचार, पुणे)

काका, खाटांचं दुखणं खरं आहे. पण त्या दुखण्याला तुम्ही भलतंच औषध देताय.

ड्यूक विद्यापीठातले जेफ्री स्वॉन्सन या विषयात अनेक वर्षं काम करताहेत. त्यांचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा असा: गंभीर मानसिक आजार एका रात्रीत नाहीसे झाले तरी समाजातली हिंसा साधारण 4 टक्क्यांनी कमी होईल. उरलेली 96 टक्के दारू, नशा, जुनी मारहाण, पैसा, मत्सर, राजकारण यांच्या खात्यावर. एफबीआयने 2000 ते 2013 मधल्या 63 हल्लेखोरांचा अभ्यास केला. त्यातल्या चौथाई लोकांनाच हल्ल्याआधी कुठलंतरी निदान झालेलं होतं, आणि भ्रम-भास होणारा आजार होता फक्त तिघांना. लुइस्टनचा माणूस या लहान गटातला आहे. त्याच्याबाबतीतही मेंदू तपासणाऱ्या बॉस्टनच्या संशोधकांना स्फोटांच्या धक्क्यांनी झालेली इजा दिसली, पण त्या इजेमुळेच त्याने हे केलं असं म्हणायला ते तयार नाहीत.

उपचार न झालेला सायकोसिस (भ्रम-भासांचा आजार), त्यात दारू, अशा वेळी धोका वाढतो, हेही सांगते. नाहीतर मी फक्त वकिली करतेय असं वाटेल. मात्र ओपीडीत समोर बसलेल्या शंभरांतून 'हा पुढे जाऊन वीस माणसं मारणार' असा एक जण आम्हाला निवडता येत नाही. जो डॉक्टर येतं म्हणेल त्याच्यापासून लांब राहा.

बंदूकवाला_टेक्सन

इथे बंदूक बाळगणारा बहुधा मी एकटाच, तेव्हा आधी परिचय. ऑस्टिनच्या बाहेर राहतो, दोन पिस्तुलं आणि एक रायफल, सगळं कायदेशीर. मूळ गाव नाशिक. एच-वन-बी व्हिसावर (तात्पुरत्या नोकरीच्या परवान्यावर) असताना मला बंदूक विकत घेता येत नव्हती, पण शिकारीचा परवाना काढला की घेता येते, ही या देशाची गंमत तेव्हाच कळली.

ताकभात, 'वागण्यावरून' हे ऐकायला छान वाटतं. घटस्फोट चालू आहे, बायको कोर्टात जाऊन सांगते की यांनी धमकी दिली. पहिला आदेश माझ्या गैरहजेरीत निघतो. पोलीस पहाटे दारात. गुन्हा नाही, आरोपपत्र नाही, आणि घटनेने दिलेला हक्क गेला. उद्या हाच न्याय भाषणस्वातंत्र्याला लावाल? टेक्सासने तर 2025 मध्ये असे आदेश राज्यात चालणारच नाहीत असा कायदा केला आणि मला तो पटतो.

दुसरं, पोलिसांवर भरवसा ठेवा म्हणता. उवाल्डी आमच्याच राज्यात आहे. 24 मे 2022. शाळेत 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. 376 पोलीस जमले होते आणि आत शिरायला 77 मिनिटं लागली. मी कोणाच्या भरवशावर निःशस्त्र बसू?

ताकभात

त्याच उवाल्डीचा अर्धा भाग राहिला. मारेकऱ्याला अठरावं लागलं आणि त्याने रीतसर दुकानातून रायफली घेतल्या. निदान कसलंच नव्हतं, म्हणजे 'मनोरुग्णांना बंदूक देऊ नका' या नियमाला तो कधीच अडकला नसता. ओळखीची पोरं मात्र त्याला थट्टेत 'शाळेत गोळ्या घालणारा' म्हणत होती.

गैरहजेरीतल्या आदेशाचा मुद्दा गंभीर आहे, टाळत नाही. पण तो आदेश थोड्या दिवसांचाच असतो, पुढच्या सुनावणीत पुरावा मांडावा लागतो आणि खोटी तक्रार हा गुन्हा ठरतो. ज्याच्यापासून पत्नीला किंवा जोडीदाराला धोका आहे अशा माणसाकडून बंदूक काढता येते, हे 2024 मध्ये तुमच्या लाडक्या सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 1 असं मान्य केलंय.

बंदूकवाला_टेक्सन

त्या खटल्यात सुनावणी आधी झाली होती, आदेश नंतर. दोन्हींची गल्लत करू नका. आणि 'खोटी तक्रार गुन्हा' म्हणे! तो सिद्ध करायला वकील मीच लावायचा, बिल मीच भरायचं.

निवडुंग

व्हर्जिनिया टेक कोणाला आठवतं का? एप्रिल 2007, 32 बळी. त्यात आपल्या मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूचे एक प्राध्यापक. मारेकऱ्याला दीड वर्ष आधी न्यायाधीशांनी 'स्वतःला धोकादायक' ठरवून बाहेरून उपचार घ्यायला सांगितलं होतं. केंद्राच्या कायद्याप्रमाणे त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण व्हर्जिनिया राज्य फक्त इस्पितळात दाखल केलेल्यांचीच नावं बंदूक न विकण्याच्या यादीत पाठवत असे. दुकानदाराने नाव तपासलं, संगणक म्हणाला चालेल. दोन पिस्तुलं घेतली.

म्हणजे निदानावर, किमान कोर्टाच्या निकालावर आधारलेली यादीसुद्धा उपयोगी पडली असती, ती नीट भरली असती तर. ताकभात यांचं 'निदान बाजूला ठेवा' मला पूर्ण पटत नाही. दोन्ही हवं.

रातराणी (न्यू जर्सी)

मला बायपोलर (मन कधी अति उत्साहात, कधी खोल उदासीत जाण्याचा) आजार आहे. दहा वर्षांवर त्यावरचं लिथियम हे औषध चालू आहे, नोकरी चालू आहे, दोन मुलं आहेत. हे इथे टोपणनावानेच लिहू शकते.

निवडुंग, तुमच्या यादीचा परिणाम काय होतो ते सांगते. बंदूक मला नकोच आहे, तो प्रश्नच नाही. पण प्रत्येक गोळीबारानंतर टीव्हीवर 'मानसिक आजारी लोकांची नोंद ठेवा' सुरू झालं की आमच्या सपोर्ट ग्रुपमधले एक-दोन जण यायचे थांबतात. एकाने तर डॉक्टरांना झोप येत नाही एवढंच सांगितलं, बाकी लपवलं. कारण तो शिकार करतो आणि बंदुका जातील अशी भीती. नेमकं ज्याने बोलायला हवं तो गप्प होतो.

खडूस_काका

ताई, तुमच्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. औषध घेणाऱ्यांचा प्रश्न नाही, न घेणाऱ्यांचा आहे.

रातराणी

काका, औषध न घेणारा आणि घेणारा यांच्यात बऱ्याचदा एका वाईट महिन्याचंच अंतर असतं. मी दोन्ही होते.

बारा_बोअर (जि. सांगली)

अमेरिकेचं मला फार कळत नाही, पण परवान्याचं कळतं. आजोबांपासून घरात बारा बोअरची डबल बॅरल आहे, रानडुकरांसाठी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन: बंदूक जमा करा. पूर्वी सरसकट सगळ्यांच्या घेत. हायकोर्टाने कान उपटल्यापासून छाननी समिती बसते आणि कोणाची घ्यायची ते ठरवते, तरी आमचा नंबर बऱ्याचदा लागतो. हवालदार नंबर बघतो, नळीत डोकावतो, पावती फाडतो. निकालानंतर पावती दाखवून परत आणायची. एकदा परत आली ती घोड्याला गंज चढून, त्यावर ठाणे अंमलदार म्हणाला, "तेल घालून द्यायचं होतं की!"

चिडचिड होते. पण गावात कोणी म्हणत नाही की पाटलांचा हक्क गेला किंवा पाटील वेडे ठरले. ताकभात म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय आहे?

बंदूकवाला_टेक्सन

पाटीलसाहेब, फरक असा की तुमच्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली सवलत आहे. अर्ज करा, वैद्यकीय दाखला जोडा, कलेक्टरची मर्जी सांभाळा. आमच्याकडे तो हक्क आहे. सवलत सरकार जमा करून घेऊ शकतं. हक्क काढून घ्यायचा तर कारण सरकारने द्यायचं, मी नाही.

(गंजाचं मात्र वाचून वाईट वाटलं. मनापासून.)

शेंगदाणा_चिक्की

जयपूर-मुंबई एक्सप्रेस, 31 जुलै 2023. रेल्वे सुरक्षा दलाच्या कॉन्स्टेबलने पालघरजवळ आधी आपल्या वरिष्ठाला गोळ्या घातल्या आणि मग डब्याडब्यांतून फिरत तीन प्रवाशांना. तिघेही मुसलमान. दुपारपर्यंत 'मानसिक संतुलन बिघडलं होतं' सगळ्या चॅनेलवर. खटल्याचं खटल्यात होईल. पण आडनाव वेगळं असतं तर हेच निदान दुपारपर्यंत झालं असतं का, एवढंच विचारते. डॉक्टरला शंभरांतून एक ओळखता येत नाही आणि वृत्तनिवेदकाला तासाभरात येतं.

खडूस_काका

आला, राजकारणाचा मुद्दा आला. वाटच बघत होतो.

गवतीचहा (मानसोपचार, पुणे)

चिक्की, +१.

सगळा धागा सामूहिक हत्याकांडांभोवती फिरतोय, म्हणून एक बाजू मांडते. अमेरिकेत 2021 मध्ये बंदुकीने 48,830 लोक मेले. त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. बातम्यांत गाजणारी हत्याकांडं या आकड्यात एखाद-दोन टक्क्यांच्या आसपास असतील. मानसिक आजार आणि बंदूक यांचा खरा, घट्ट संबंध कुठे असेल तर तो इथे आहे. आत्महत्येची ती टोकाची वेळ बऱ्याचदा काही मिनिटांची, तासांची असते. औषधाच्या गोळ्या खाल्लेले रुग्ण बहुतेक वाचतात, नंतर आमच्याकडे येतात, पुढे कित्येक जण नीट जगतात. बंदूक झाडून घेतलेल्या दहांतले साधारण नऊ जण जातात.

कनेक्टिकटमध्ये 1999 पासून असा बंदूक काढण्याचा कायदा आहे, देशातला पहिला. स्वॉन्सन यांच्या गटाने त्याचा हिशोब मांडला: दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली. टेक्सनसाहेब, तुमच्या हक्काच्या पारड्यात हेही टाका. वाचलेला माणूस बहुतेक वेळा बंदूकमालक स्वतःच असतो.

बंदूकवाला_टेक्सन

हा मुद्दा आमच्या क्लबमध्येही निघतो. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक सैनिक गेला, तसाच. त्याआधी काही महिने त्याने आपल्या बंदुका एका मित्राच्या तिजोरीत ठेवल्या होत्या. कोर्ट नाही, पोलीस नाही. नंतर बरं वाटलं म्हणून परत नेल्या. असं आपापसांत ठेवणं सोपं करा, कर लावू नका, कागद मागू नका, मी पहिली सही करतो. पण कोर्टाच्या आदेशाला माझा विरोध कायम. सरकारी वकील मोफत द्या आणि सुनावणी आठवड्याच्या आत घ्या, मग पुढचं बोलू.

ताकभात

वकील द्यायला हवा, सही. आठवड्याचंही मान्य. मित्राच्या तिजोरीला तर ना नाहीच. पण लुइस्टनमध्ये हेच ठरलं होतं हो. भाऊ बंदुका काढून ठेवेल, असं पोलिसांनी घरच्यांवर सोडलं. आजारी माणूस स्वतःहून द्यायला तयार असेल तेव्हा मित्र पुरतो. तो दारच उघडत नसेल तेव्हा काय करायचं?

निवडुंग

आणि घरचेच बेफिकीर असतील तर? मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत नोव्हेंबर 2021 ला चार मुलं मारली गेली. पंधरा वर्षांच्या पोराला बापाने चारच दिवस आधी पिस्तूल घेऊन दिलं होतं. गोळीबाराच्या दिवशी सकाळी शाळेने आईबापांना बोलावून त्याने काढलेलं बंदुकीचं चित्र दाखवलं. ते त्याला घरी न नेता कामावर परतले. दोघांनाही 2024 मध्ये दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

रातराणी

मुलांना मित्राकडे रात्री राहायला पाठवताना मी हल्ली 'घरात बंदूक आहे का, कुलपात असते का' विचारते. कुत्रा आहे का विचारतो तसंच. अमेरिकन आया पटकन सांगतात. आपल्याच लोकांना विचारलं की दोन क्षण फोनवर शांतता आणि मग, "अगं, आम्ही काय तसले वाटलो का?"

बंदूकवाला_टेक्सन

मला विचारा, राग मानणार नाही. तिजोरीत असते, गोळ्या वेगळ्या कपाटात.

रातराणी

आणि तिजोरीचा आकडा मुलांना माहीत आहे?

बंदूकवाला_टेक्सन

मोठ्याला आहे. सतरा वर्षांचा आहे, माझ्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर येतो. जबाबदार मुलगा आहे.

गवतीचहा (मानसोपचार, पुणे)

आकडा बदला. मुलगा जबाबदार असेलच, त्याबद्दल वाद नाही. बारावीचा निकाल, प्रेमभंग, काहीही असू शकतं. तुम्ही घरी नसताना.

खडूस_काका

झालं, आता डॉक्टर तिजोऱ्याही तपासणार. खाटांचं मात्र कोणी बोलत नाही.