मदत हवी आहे: घरी बीजीए (पोटाखाली सोल्डरचे बॉल असलेली चिप) बसवताना एक कोपरा दगा देतोय

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. ०.५ मिमी पिचच्या (म्हणजे दोन पायांमधलं अंतर) क्यूएफपी, म्हणजे चारही बाजूंना पाय असलेल्या चिपा आता हातात बसल्यात: भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावून सोल्डरिंगचं बिट ओढायचं, पाय एकमेकांना चिकटून ब्रिज राहिले तर विकने (तांब्याच्या वेणीने) उचलायचे. घोडं अडलंय बीजीएपाशी.

०.८ मिमी पिचची चिप, चार लेअरचा बोर्ड, लेड-फ्री (शिसं नसलेले) बॉल. म्हणजे ते वितळायला २१७ अंशांच्या पुढे जायलाच हवं. हॉट एअर ३५० वर ठेवून गोल फिरवतो. चिप खाली बसते, चिमट्याने हलकेच ढकलली की परत जागेवर येते. बोर्ड चालूही होतो, पण कोपऱ्यावर बोट दाबून धरलं तरच! बोट काढलं की ठप्प. ग्राउंडचा तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो, असा माझा संशय.

दुसरी चिप घाईने तापवली तर पॉपकॉर्नसारखी फट् करून फुगली. पावसाळाभर उघड्या पाकिटात राहून ओल धरली होती, चूक माझीच.

जुनी इस्त्री उलटी ठेवून बोर्ड खालून १५० पर्यंत तापवला तर चालेल का? तापमान मोजायला थर्मोकपल आहे. आणि सांगली-मिरज-कोल्हापुरात ०.५ मिमीचे सोल्डर बॉल, ते जागेवर बसवायची स्टेन्सिल (भोकांची पट्टी) सुटे कुठे मिळतात? ज्यांनी स्वतः रीबॉलिंग (चिपेला नवे बॉल बसवणं) केलंय त्यांनी सांगा. व्हिडिओ पाहून झालेत.